ओढ्याला दरवाजे नसतात

पुण्यात पावसाळा आला की एका आकड्याची चर्चा सुरू होते. खडकवासला धरणातून किती क्युसेक पाणी सोडले? वर्तमानपत्रे तो आकडा छापतात, वाहिन्या तो पडद्यावर फिरवतात, आणि नदीचे पाणी बघायला पुलापुलांवर बघ्यांची गर्दी होते. धरणाला दरवाजे आहेत. ते उघडायचे की नाही हे ठरवणारा अधिकारी आहे, त्याची सही आहे, त्या निर्णयाची वेळ नोंदवलेली असते. परंतु याच शहरातून वाहणाऱ्या आंबिल ओढ्याला, भैरोबा नाल्याला, नागझरीला, राम नदीला दरवाजे नाहीत. त्यांच्या पाण्याचा आकडा पहिल्या पानावर आलेला आम्ही तरी कधी पाहिला नाही. आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुणे शहर व जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे प्राणाला मुकली, ती खडकवासल्याच्या पाण्याने नव्हे. डोंगरउतारावरून आलेल्या ओढ्यानाल्यांनी आणि त्यांच्या लोंढ्याने पाडलेल्या भिंतींनी त्यांचा बळी घेतला.

त्या रात्रीनंतर शासन-प्रशासनाच्या तोंडी एकच शब्द होता. ‘अचानक’. अचानक पाऊस झाला, अचानक पाणी वाढले, अचानक भिंत कोसळली. आमचे म्हणणे असे आहे की हा शब्द खोटा आहे, आणि तो जाणूनबुजून वापरला जातो. कारण अचानक घडलेल्या गोष्टीला कोणी जबाबदार नसतो.

पाणी जमिनीवर पडल्यावर काय होते हे समजून घ्यायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. जूनमधला पहिला पाऊस जमीन पिऊन टाकते. शेतकऱ्याला हे ठाऊक आहे, वीटभट्टीवर माती तुडवणाऱ्याला ठाऊक आहे. पुढे महिना-दीड महिना पाऊस पडत राहिला की जमिनीचे पोट भरते. पुण्याभोवतीच्या डोंगरांवर तर मातीचा आणि मुरमाचा थर मुळात पातळ. खाली काळा कातळ. भरलेल्या मडक्यात आणखी पाणी ओतले तर ते काठावरूनच जाणार. म्हणून जूनच्या आरंभी जो पाऊस कोणाला कळतही नाही, तोच तेवढाच पाऊस जुलैअखेर किंवा सप्टेंबरात एका तासात पडला तर ओढा घरात शिरतो. त्यात आता टेकड्या फोडून काढलेले रस्ते, काँक्रीटची आवारे, फरशा आणि पेव्हर ब्लॉक यांनी जमिनीचे तोंडच बंद केले आहे. धरणाचे पाणी शहरात पोहोचायला काही वेळ लागतो, तेवढ्यात निदान पोरेबाळे बाहेर काढता येतात. कात्रजच्या डोंगरात पडलेले पाणी मात्र पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर, पर्वती करीत दांडेकर पुलाच्या अंगाने मुठेला मिळायला फार तर तास-दोन तास घेते.

आता हवामानशास्त्राची बाजूही मांडली पाहिजे. परतीच्या पावसातला ढग नेमका कात्रजवर फुटेल की कोथरूडवर, हे दोन दिवस आधी सांगता येत नाही. हे आम्हाला मान्य आहे. पण जमीन भरली आहे, हे तर सांगता येते! ती एका रात्रीत भरत नाही. तिला आठवडे लागतात. २०१९ चा पावसाळा भरपूर झाला होता. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कात्रजच्या उतारांवर कोरडी जमीन असेल अशी कोणाची कल्पना होती काय? जो धोका आठवडेच्या आठवडे पायाखाली साठत होता, त्याला अचानक म्हणणे हा मेलेल्यांचा अपमान आहे.

पुणे हे काही अडाणी शहर नव्हे. भारताच्या हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून या शहरात आले. शिवाजीनगरच्या त्या कचेरीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे. खडकवासल्याला १९१६ पासून चालत आलेले जल व विद्युत संशोधन केंद्र आहे, जेथे देशभरातल्या नद्यांच्या आणि धरणांच्या प्रतिकृती करून पाणी कसे वाहील याचा अभ्यास केला जातो. २०२० पासून हवामान खाते दक्षिण आशियातील देशांसाठी आकस्मिक पुराचे इशारे देते. त्या इशाऱ्यांचा आधार काय? पडलेला पाऊस, पडू घातलेला पाऊस आणि जमिनीतला ओलावा. जमीन पूर्ण भरलेल्या आणि सखल भागात पाणी साचेल, वाहील, असे त्या पत्रकांत चक्क लिहिलेले असते. म्हणजे ज्ञान आहे, ते सरकारी पैशाने तयार होते, आणि त्यातले पुष्कळसे पुण्यातच तयार होते. सिमला ऑफिसपासून ताडीवाला रस्त्यावरची वस्ती किती दूर आहे? पाटील इस्टेट तर त्याहूनही जवळ. एवढे अंतर त्या कागदाला तोडता येत नाही. पत्रक जिल्ह्याचे नाव घेऊन थांबते. ओढ्याचे नाव, पुलाचे नाव, गल्लीचे नाव घेणे हे काम मग महापालिकेचे आणि जिल्हाधिकारी कार्यालयाचे उरते, आणि तेथे फाईल थांबते.

भिंतींविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण २०१९ साली पुण्यात पाण्यापेक्षा भिंतींनी आधी माणसे मारली. २९ जूनच्या मध्यरात्रीनंतर कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. पंधरा माणसे गेली, त्यात लहान मुले होती. बहुतेक जण बिहारमधून पोटासाठी आलेले. तीनच दिवसांनी, २ जुलैच्या रात्री, आंबेगावात एका शिक्षणसंस्थेच्या आवाराची भिंत अशीच मजुरांच्या झोपड्यांवर पडली. सहा मेले. त्याच रात्री मुंबईत मालाडला पिंपरीपाड्यावर महापालिकेच्या जलाशयाची भिंत कोसळली आणि तेथे पंचवीसहून अधिक जीव गेले. पुढे सप्टेंबरात, आंबिल ओढ्याच्या त्या रात्री, अरण्येश्वर भागातील टांगेवाला कॉलनीत भिंत पडून पाच जण ठार झाले. भिंत का पडते? तिच्या मागची माती पाणी पिऊन जड होते आणि भिंतीला रेटा देते. भिंतीत पाणी निघून जायला भोके ठेवली नसतील, किंवा ठेवलेली बुजली असतील, तर तो रेटा दिवसागणिक वाढत जातो. भिंत आधी फुगते, तडे जातात, ओल येते. ती सांगून पडते. पण तिचे सांगणे ऐकायला कोण जातो? भिंतीच्या वरच्या अंगाला मोटारींचे पार्किंग आणि खालच्या अंगाला माणसांच्या झोपायच्या जागा, असा आमच्या नगररचनेचा न्याय आहे. गावगाड्यात सखल जागा, ओढ्याकाठची जागा, कोणाच्या वाट्याला येत होती हे या दैनिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. शहराने ती वाटणी बदलली नाही. फक्त तिला डेव्हलपमेंट प्लॅन असे नाव दिले.

कोणी म्हणेल, पूर काय फक्त गरिबांच्याच घरात शिरतो काय? नाही. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरील एकता नगरी, निंबजनगर या मध्यमवर्गीयांच्या सोसायट्या पहाटे पाण्यात गेल्या. लष्कराला बोलवावे लागले. त्या चोवीस तासांत शिवाजीनगरला ११४ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि खडकवासल्याचा विसर्ग रात्रीतून वाढत पहाटे पस्तीस हजार क्युसेकपर्यंत गेला. आम्हाला सूचना मिळाली नाही, असे तेथील रहिवासी टाहो फोडून सांगत होते. त्यांचे म्हणणे आम्ही खरे मानतो, आणि त्यांच्या बाजूने उभे राहतो. पण या घटनेतील एक बाब नीट पाहावी. पुण्यात मुठेची निळी पूररेषा साठ हजार क्युसेक विसर्ग धरून आखलेली आहे. मग त्याच्या जवळपास निम्म्या विसर्गात घरांत पाणी कसे? एक तर नदीपात्रात टाकलेल्या राडारोड्याने आणि भरावांनी पाण्याची वाट अरुंद झाली. दुसरे म्हणजे धरणाच्या खालच्या भागात पडलेला पाऊस. ती जमीन भरलेली होती, तिने काही पोटात घेतले नाही, आणि सगळे ओढे एकाच वेळी मुठेत उतरले. धरणाचा आकडा खरा होता, पण नदीत तेवढेच पाणी नव्हते. पुन्हा तेच! ज्याला दरवाजे नाहीत ते पाणी हिशेबात धरलेच जात नाही.

त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत तिघे तरुण आपली खाद्यपदार्थांची हातगाडी पाण्यातून हलवताना विजेचा धक्का बसून मेले. हातगाडी म्हणजे त्यांचे सारे भांडवल. पाणी चढणार आहे हे संध्याकाळीच कोणी दारावर येऊन सांगितले असते, तर गाडी संध्याकाळीच हलली असती. येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली होती आणि २०२४ च्या त्या पावसाळ्यात पुण्यात एकही नगरसेवक पदावर नव्हता. प्रशासक होते. प्रशासक मध्यरात्री वस्तीत येऊन दार वाजवत नाही. नगरसेवकही वाजवतोच असे नाही म्हणा, पण निदान त्याला पुन्हा मते मागायची असतात.

ओढ्याकाठच्या माणसाला या शहरात एकच ओळख आहे: अतिक्रमणवाला. पूर आला की पहिला आरोप त्याच्यावर. झोपड्यांनी नाला अडवला! आंबिल ओढ्याची हकिगत काढली तर पेशवाईत त्याचा मूळ प्रवाहच वळवून टाकला होता. तेव्हा ना झोपडपट्टी होती, ना झोपडपट्टी पुनर्वसन योजना. त्यानंतर ओढ्याला भिंती बांधल्या गेल्या, मोऱ्या टाकल्या गेल्या, काठावर मंजूर नकाशांच्या इमारती उभ्या राहिल्या. मंजूर नकाशाला अतिक्रमण म्हणत नाहीत, मग तो पाण्याच्या वाटेत का असेना. २४ जून २०२१ रोजी दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत ओढा सरळ करण्याच्या नावाखाली पोलीस बंदोबस्तात घरे पाडण्यात आली. भर पावसाळ्यात, करोनाच्या साथीत. पावसाळ्यात राहती घरे पाडू नयेत हे शासनाचेच धोरण. त्याच दिवशी न्यायालयाने स्थगिती दिली, पण तोवर कित्येकांचे संसार रस्त्यावर आले होते. पुरापासून वाचवायचे म्हणून पावसात बेघर करायचे, हा उपाय कोणाच्या डोक्यातून निघाला असेल? आमचा पुनर्वसनाला विरोध नाही. ओढ्याच्या काठावर जन्म काढावा असे कोणत्याही आईला वाटत नाही. आमचा विरोध आहे तो पुराची भीती दाखवून जागा मोकळी करून घेण्याला.

कायदा काय म्हणतो? आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ३० ने जिल्हा प्राधिकरणावर पूर्वसूचनेची यंत्रणा उभी करण्याचे, ती चालू ठेवण्याचे आणि लोकांपर्यंत योग्य माहिती पोहोचवण्याचे काम सोपवले आहे. कलम ४१ प्रमाणे आपल्या हद्दीतील बांधकामे आपत्ती टाळण्याच्या निकषांत बसतात की नाही, हे पाहणे महापालिकेचे कर्तव्य आहे. त्यात संरक्षक भिंत आली, मजुरांच्या पत्र्याच्या खोल्याही आल्या. कलम ६१ तर आमच्या समाजातील प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे असे आहे: मदत आणि नुकसानभरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. कायद्यात हे लिहावे लागले, यातच सर्व आले. २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी स्वतंत्र शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूदही केली आहे. कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास कलम ५६ खाली शिक्षा आहे. मात्र खटला भरायला सरकारचीच पूर्वपरवानगी लागते. चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या, असा हा प्रकार. तरीही कायदा निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणणार नाही. घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे.

नुकसानीचा दावा आला की सरकारी वकील एक ठरलेला बचाव घेऊन उभे राहतात: ही दैवी आपत्ती होती. इंग्रजांच्या कायद्यातून आलेला हा शब्द. दैव न मानणाऱ्या आमच्यासारख्यांनाही कोर्टात त्या दैवाशी झुंजावे लागते, ही गंमतच. पण त्या बचावाला एक अट आहे. घटना अशी पाहिजे की जिची कल्पना कोणा समंजस माणसाला करता आली नसती. गुजरातमधील एका धरणातून सोडलेल्या पाण्याने शेतजमिनीचे आणि झाडांचे नुकसान झाले, तेव्हा अतिवृष्टी म्हणजे दैवी आपत्ती हा सरकारचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली फेटाळला आणि शासनास जबाबदार धरले. मग ज्या ओढ्याने २०१९ मध्ये माणसे मारली, ज्या राम नदीने २०१० च्या ऑक्टोबरात, एका दिवसात १८० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तेव्हा, आपली ताकद दाखवली, त्या ओढ्यांना पुन्हा पूर आला तर ‘कल्पना नव्हती’ असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

पूर हे नशीब नाही, तो राज्यकारभाराचा प्रश्न आहे, ही भूमिका या देशात कोणी घेतली? व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री असताना बाबासाहेबांकडे पाटबंधाऱ्यांचे काम आले. १९४३ साली दामोदर नदीच्या पुराने बंगालमध्ये हाहाकार माजवला होता. त्या खोऱ्याची सबंध योजना आखण्याचे काम बाबासाहेबांनी पुढे नेले, आणि १९४५ मध्ये ज्या केंद्रीय जल आयोगाची पायाभरणी झाली तीही त्यांच्याच कारकिर्दीत. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत महानदीच्या पुराविषयी बोलताना त्यांनी पाणी नुसते समुद्राकडे हाकून देण्याचा जुना विचार नाकारला आणि ते साठवून लोकांच्या उपयोगी आणण्याचा आग्रह धरला. घटनाकार म्हणून त्यांचा जयजयकार करणारे राज्यकर्ते त्यांचे हे काम सांगत नाहीत. कारण ते सांगितले की पुढचा प्रश्न येतो: ऐंशी वर्षांनंतर दांडेकर पुलाजवळच्या बाईला पाणी येणार हे कोण सांगते? तिच्या घरात शिरलेले पाणीच सांगते.

आमची मागणी अवाढव्य खर्चाची नाही. कात्रजच्या डोंगरात, भूगाव-बावधनच्या बाजूला स्वयंचलित पर्जन्यमापक बसवून त्यांचा आकडा थेट वस्तीपर्यंत यावा. जमीन भरली असे हवामान खात्याच्या पत्रकात आले की त्या दिवसापासून पावसाळा संपेपर्यंत प्रत्येक ओढ्यावर रात्रपाळी लागावी. भोंगा, बॅटरी आणि दोन माणसे. ती माणसे त्याच वस्तीतली असावीत आणि त्यांना रोजंदारी मिळावी. फुकट सेवा गरिबांकडूनच का? २०२३ साली चाचणी म्हणून देशभरच्या मोबाईलवर इशाऱ्याचा मोठा आवाज झाला होता, तो अनेकांना आठवत असेल. मनोऱ्याच्या टापूतील सगळ्या फोनवर, नंबर ठाऊक नसतानाही, संदेश पाठवता येतो. मग एका ओढ्याच्या काठावरचे फोन मध्यरात्री वाजवायला काय अडचण आहे? संदेश मराठीत आणि हिंदीत असावा, त्यात जिल्ह्याचे नव्हे तर पुलाचे नाव असावे, आणि कोणत्या शाळेत जायचे तेही असावे. शाळेची किल्ली कोणाकडे आहे हे त्या रात्री शोधत बसावे लागू नये.

पंचनाम्याचेही तेच. भाडेकरूचा संसार बुडतो आणि कागदावर नाव घरमालकाचे लागते. रेशनकार्ड पाण्यात गेलेल्याकडेच रेशनकार्ड मागितले जाते. अशा एका प्रकरणात आम्ही एका कार्यालयाच्या पायऱ्या तीन महिने झिजवल्या आहेत. म्हणून कागदपत्रांच्या छायाप्रती वस्तीतल्या दोन-तीन फोनमध्ये मे महिन्यातच काढून ठेवाव्यात, आणि पाणी ओसरल्यावर भिंतीवरची पाण्याची रेघ पुसण्याआधी तिचा फोटो घ्यावा.

प्रत्येक बुद्धविहारातील मंडळाने, प्रत्येक महिला मंडळाने यंदा एक अर्ज करावा. माहितीच्या अधिकाराखाली, दहा रुपये शुल्काचा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही लागत नाही. आपल्या क्षेत्रीय कार्यालयाला लेखी विचारावे: आमच्या ओढ्याची पूररेषा दाखवणारा नकाशा द्या. आमच्या वस्तीमागील संरक्षक भिंतीची तपासणी शेवटची कधी झाली, कोणी केली, त्याचा अहवाल द्या. पुराची सूचना आमच्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी ज्या अधिकाऱ्यावर आहे त्याचे नाव, पदनाम आणि रात्री लागणारा फोन नंबर द्या. साधारणतः उत्तराला तीस दिवस मिळतात. परंतु माहिती जीविताशी संबंधित असेल तर कलम ७ प्रमाणे ती ४८ तासांत द्यावी लागते. अर्जाच्या पहिल्याच ओळीत ‘ही माहिती आमच्या जीविताशी संबंधित आहे’ असे ठळक लिहावे, आवक शिक्का मारलेली प्रत आणि त्यावरील वेळ जपून ठेवावी. उत्तर येवो अथवा न येवो, पुढे याचिका करावी लागली तर तोच पहिला कागद असेल.